जुन्या होडीवर नवं ताकदवान इंजिन बसवलं, पण होडी पळत नाही: काय तपासावं, कुठे थांबावं

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. त्याआधीच्या दोन महिन्यांत उत्तर गोव्यातल्या शापोरा नदीच्या काठावर वर ओढून ठेवलेल्या होड्यांपैकी दोन-तीन तरी नवं इंजिन घेऊन पाण्यात उतरतात. जुनं २५ एचपीचं टू-स्ट्रोक जातं आणि त्या जागी ४०, ५०, कधी ६० एचपीचं चकचकीत फोर-स्ट्रोक येतं. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून फोन सुरू होतात. वाक्य दरवर्षी तेच असतं: "मेस्त्री, इंजिन नुसतं ओरडतं, होडी काही पळत नाही. इंजिनच बाद दिलंय."

शिवोली, मोरजी, केरी, पलीकडे बेती आणि मालीमपर्यंत ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे, की आता इंजिनाचं झाकण मी सगळ्यात शेवटी उघडतो. नवं इंजिन सदोष निघणं फार क्वचित. दोष बहुतेक वेळा होडीतच असतो आणि तो आधीपासूनच असतो. जुनं इंजिन थकलेलं होतं, कमी पेट्रोल ओढायचं, कमी जोर लावायचं, म्हणून तो झाकला जात होता. दुप्पट ताकद आली की तीच बारीक नळी अपुरी पडते आणि तोच मऊ झालेला ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती होडीची मागची भिंत, हलू लागतो.

म्हणून खाली दिलेल्या क्रमानेच जा. आधी फुकटच्या गोष्टी, मग शेकड्यांतल्या, मग हजारांतल्या. अनेक जण उलटीकडून सुरुवात करतात. आधी इंजिनवाल्याशी भांडण, मग महागडा पंखा (प्रोपेलर), आणि शेवटी कळतं की टाकीचा हवेचा स्क्रू बंद होता.

लक्षणं: तुमची तक्रार यातली नेमकी कोणती?

"पळत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. पूर्ण रेस दिल्यावर आरपीएमचा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा काय करतो, ते बघा.

काटा वर चढतच नाही. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण रेसला ५००० ते ६००० लिहिलंय, तुमचं ४३०० वर अडकतं आणि आवाज दबलेला, ओझं ओढल्यासारखा येतो. इथे इंजिनावर भार जास्त पडतोय किंवा त्याला पोटभर पेट्रोल मिळत नाहीये.

काटा झटकन वर जातो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी. इथे पंखा पाण्याला पकडत नाहीये. तो हवा खातोय, किंवा त्याच्या मधोमधचा रबरी बुश आतल्या आत घसरतोय.

पहिली दोन-पाच मिनिटं झकास, मग आरपीएम पडतात, आणि थोडं थांबलं की पुन्हा ठीक. हे जवळजवळ नेहमी पेट्रोलच्या वाटेतलं लक्षण असतं. सोबत भोंगा वाजत असेल तर मात्र ते गरम होण्याचं किंवा ऑइलचं आहे. भोंगा वाजला की इंजिन बंद. त्या अवस्थेत "बंदरापर्यंत जाऊन बघू" म्हणू नका.

आरपीएम बरोबर येतात, पण नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आभाळाकडे जाते आणि होडी पाण्यावर आडवी येतच नाही. किंवा येते, पण घोड्यासारखी उड्या मारते. इथे वजन, ट्रिम (इंजिन किती आत-बाहेर कललंय तो कोन) किंवा होडीच्या तळाचा आकार बघायचा.

आधी आकडे लिहून घ्या

नवं इंजिन असेल तर पहिल्या दहा तासांत सलग पूर्ण रेस देऊ नका. पुस्तकात रुळवण्याचा कार्यक्रम दिलेला असतो, तो पाळा. त्यानंतरच ही चाचणी करा.

सपाट पाणी निवडा. शिवोली-चोपडे पुलाच्या आसपास सकाळी वारा नसताना नदी चांगली सापडते. मांडवीत घेणार असाल तर खनिजाच्या बार्जीपासून लांब राहा, त्यांच्या लाटेत कुठलाच आकडा खरा येत नाही. नदीच्या मुखाकडे, मोरजीच्या बाजूला, नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात. त्या दिवसांत तिथे पूर्ण रेसच्या फेऱ्या मारू नका.

नेहमीची माणसं, नेहमीचं पेट्रोल, नेहमीचं सामान घ्या. लाइफ जॅकेट अंगावर, किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) हातात किंवा मांडीला, आणि बाकी सगळे खाली बसलेले. जुन्या होडीला या वेगाची सवय नसते. वळणावर ती कशी वागेल ते अजून तुम्हालाही माहीत नाही. पूर्ण रेसला एक फेरी भरतीच्या दिशेने, एक उलट. मोबाइलच्या जीपीएसवर दोन्ही वेळचा वेग बघा आणि सरासरी काढा. एकाच दिशेचा वेग धरला तर नदीचा प्रवाहही तुमच्या इंजिनाच्या खात्यात जातो.

आता एक छोटं गणित. पंख्यावर पिच कोरलेला असतो, समजा १३. म्हणजे एका फेऱ्यात पंखा न घसरता १३ इंच पुढे जाईल. इंजिन ५५०० वर आहे आणि गिअरचं प्रमाण २ आहे, तर पंखा मिनिटाला २७५० फेरे घेतो. म्हणजे ताशी सुमारे ५४ किलोमीटर. जीपीएस ४४ दाखवत असेल तर घसरण २० टक्क्यांच्या आत आहे. पाण्यावर आडव्या चालणाऱ्या हलक्या होडीला एवढी घसरण असतेच. पण जीपीएस ३० दाखवत असेल, तर पंख्याच्या कामातलं जवळजवळ निम्मं वाया जातंय. हा एक आकडा हातात असला की पुढचा अर्धा शोध वाचतो.

एक पैसा न लागणाऱ्या तपासण्या

टाकीचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा. बंद राहिला तर पेट्रोल बाहेर जाताना आत पोकळी तयार होते आणि काही मिनिटांत पंप हरतो. शंका असेल तर टाकीचं झाकण सैल करून एक फेरी मारा. तक्रार गेली तर दोष सापडला.

होडीचा तळ बघा. महिनाभर पाण्यात उभी असलेली होडी शिंपले आणि शेवाळाने खडबडीत होते, आणि तेवढ्याने कित्येकशे आरपीएम आणि बराच वेग जातो. सुकतीला वाळूवर टेकली की हात फिरवून बघा. फक्त दिसणारा भाग नको, पंख्याच्या पुढचा शेवटचा मीटर नीट चाचपा. सगळ्यात जास्त नुकसान तिथलाच खडबडीतपणा करतो.

रेसची केबल बघा. इंजिन बंद ठेवून एकाने पुढे लिव्हर पूर्ण ढकलायचा, दुसऱ्याने झाकण काढून बघायचं की रेसचा पट्टा शेवटच्या टेकूला लागतो का. जुनीच कंट्रोल पेटी आणि जुनीच केबल नव्या इंजिनाला जोडली की तीन-चार मिलिमीटर कमी पडणं अगदी नेहमीचं. मालक म्हणतो पूर्ण रेस दिली, इंजिनाला मिळते तीन चतुर्थांश. केबलच्या टोकाची चकती दोन-तीन आटे फिरवली की काम होतं.

मग वजन. नवं फोर-स्ट्रोक जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा चाळीस-पन्नास, कधी साठ किलोने जड असतं आणि ते सगळं वजन अगदी पिछाडीच्या टोकावर लटकतं. बॅटरी, टाकी, बर्फाची पेटी पुढे सरकवून पुन्हा फेरी मारा. नाळ खाली आली तर तुम्हाला इंजिनवाल्याची गरज नाही, बॅटरीची तार लांब करायची गरज आहे. उड्या मारणारी होडी असेल तर आधी ट्रिम आत घ्या. बहुतेक उड्या तिथेच थांबतात.

पंखा

पाती वाकलेली, कडा चावलेल्या असतील तर ते डोळ्यांना दिसतं. बुशचा दोष मात्र दिसत नाही. पंख्याच्या मधोमध रबराचा बुश असतो; पंखा खडकावर आपटला तर गिअरऐवजी तो मरावा, यासाठी. जुन्या इंजिनाचा पंखा नव्यावर चढवलेला असेल तर हा बुश आधीच शिळा झालेला असतो. २५ एचपीला तो टिकून राहायचा, ५० च्या जोराला फिरतो. तपासणी सोपी: पक्क्या मार्करने आतल्या नळीपासून बाहेरच्या अंगापर्यंत एक सरळ रेघ ओढा, एक फेरी मारून या, पुन्हा बघा. रेघ तुटून दोन्ही तुकडे वेगवेगळ्या जागी दिसले, तर बुश गेला. हळू चालवत बंदरावर या आणि बुश बदला.

केरीच्या एका तांडेलाने या लक्षणावर गिअरबॉक्स उघडून घेतला होता. गिअर नवेकोरे निघाले. ती रेघ ओढायला मला दोन मिनिटं लागली.

बुश ठीक असेल तर पिच. ढोबळ हिशेब असा: पिच एक इंचाने कमी केला की पूर्ण रेसचे आरपीएम दीडशे-दोनशेने वाढतात, वाढवला तर तेवढेच उतरतात. तुमचे ४७०० येत असतील आणि ५५०० हवे असतील, तर चार इंचांचा फरक आहे. एवढा फरक दिसला तर लगेच पंखा विकत घेऊ नका. आधी पुढे सांगितल्याप्रमाणे इंजिनाची उंची आणि पेट्रोल तपासा, कारण चुकीच्या उंचीवर बसलेल्या इंजिनाला बरोबर पंखाही चुकीचाच वाटतो. आणि कमी आरपीएमवर मोठा पिच रेटत राहू नका. चढावर चौथ्या गिअरमध्ये ट्रक ओढल्यासारखं ते आहे. इंजिन आतून गरम होतं आणि त्याचं आयुष्य जातं.

इंजिनाची उंची: सगळ्यात जास्त तक्रारी इथे सुटतात

बाहेरून लावायच्या इंजिनाचा पाय ठरावीक लांबीचा असतो: आखूड १५ इंच, लांब २० इंच, अतिलांब २५ इंच. होडीचा ट्रान्सम त्याच मापाचा हवा. आपल्याकडच्या जुन्या फायबर होड्या कुणी कुठल्या साच्यातून काढल्या, मग कुणी ट्रान्सम कापला, कुणी फळी मारून उंच केला. मालकाला माप माहीत नसतं आणि विकणारा विचारत नाही.

सुकतीला होडी वाळूवर टेकवा, इंजिन उभं करा, आणि होडीच्या तळाला लांब सरळ पट्टी लावून ती मागे इंजिनापर्यंत न्या. पंख्याच्या वर एक आडवी पत्री असते, आपण तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतो. ती पट्टीच्या रेषेत किंवा इंचभर वर-खाली हवी.

प्लेट तीन-चार इंच खाली असेल तर इंजिन खोल बुडालंय. इंजिनाचा तेवढा जादा पाय पाण्यातून ओढला जातो, मागून फवारा उडतो, आरपीएम चढत नाहीत, नाळ दबते आणि सुकाणू जड लागतं. १५ इंचांच्या ट्रान्समवर २० इंची इंजिन बसवलेल्या होड्या मी मोजता येणार नाहीत इतक्या पाहिल्यात. मालक पंखे बदलून दमलेले असतात.

उलट, प्लेट दोन-तीन इंच वर असेल तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो. वळताना किंवा लाटेवर आवाज एकदम चढतो आणि होडी सैल पडते, ते हेच.

बहुतेक इंजिनांना बोल्टची भोकं वर-खाली दिलेली असतात, साधारण पाऊण इंचाच्या अंतराने. प्लेट तळाच्या रेषेत ठेवून सुरुवात करा, एकेक भोक वर चढवा आणि प्रत्येक वेळी आकडे लिहा. ज्या भोकावर वळणात पंखा हवा खाऊ लागला, त्याच्या एक भोक खाली या. जोरदार इंजिनावर उंची वाढवायचा मोह फार होतो, कारण दर भोकाला वेग वाढतो. पण पाणी ओढण्याच्या खाचाही त्याच पायावर आहेत. बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक झाली किंवा तुटक झाली की तिथेच थांबा. ताशी दोन किलोमीटरसाठी इंजिन जाळू नका. इंजिन खरोखर उंच चालवायचं असेल तर पाण्याच्या दाबाचा काटा लावा, धारेवर विसंबू नका.

उंची बरोबर असूनही पंखा हवा खात असेल तर त्याच्या पुढे काय आहे ते बघा. जुन्या लाकडी होडीचा कणा थेट ट्रान्समपर्यंत चौकोनी टोकाने आलेला असतो. त्यामागे पाणी फेसाळतं आणि पंख्याला फेसच मिळतो. पंख्याच्या अगदी समोर बसवलेला फिश फाइंडरचा (मासे शोधणाऱ्या यंत्राचा) सेन्सर हेच करतो. सेन्सर बाजूला सरकवा. कण्याचं टोक निमुळतं करणं मात्र होडी बांधणाऱ्या सुताराचं काम आहे, ग्राइंडर घेऊन स्वतः बसू नका.

पेट्रोलची वाट

थोडा वेळ ठीक, मग दम जातो, या तक्रारीत मी सरळ बल्ब, म्हणजे पेट्रोलच्या नळीवरचा रबरी हातपंप, हातात घेतो. पूर्ण रेसला आरपीएम पडू लागले की दुसऱ्या माणसाने नळीवरचा बल्ब दाबत राहायचं. त्याने इंजिन सावरलं तर पेट्रोल पुरेसं येत नाहीये, हे पक्कं. बल्ब चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे.

पुढची पायरी म्हणजे दुसऱ्याची सुटी टाकी, तिच्याच चांगल्या नळीसकट, थेट इंजिनाला जोडा. तक्रार गेली तर इंजिन निर्दोष. एवढ्या एका प्रयोगाने मी कितीतरी भांडणं मिटवली आहेत.

मग होडीतली नळी. जुन्या २५ ला चालणारी बारीक नळी ५०-६० ला कमी पडते. आतून ३/८ इंच, म्हणजे साधारण १० मिलिमीटरची, समुद्री इंजिनासाठीच बनवलेली नळी घाला. बाहेरून चांगली दिसणारी जुनी नळीही ठेवू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला खातं. आतला थर सुटतो आणि झडपेसारखा वागतो: हळू चालवताना वाट देतो, जोरात ओढलं की मिटतो. असली नळी फुंकून बघितली तर स्वच्छ वाटते. बेतीच्या एका होडीवर मी स्वतः त्यात फसलो आणि तीन दिवस पंपाच्या मागे लागलो. तेव्हापासून नव्या इंजिनाला नळी, बल्ब आणि जोड सगळं नवंच घालायचं, अशी माझी अट आहे. इंजिनाच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

इथेनॉलचा दुसरा उपद्रव पाण्याचा. तो हवेतली ओल ओढतो, आणि आपल्या जून-जुलैत हवेत ओल किती असते ते सांगायला नको. अर्धी भरलेली टाकी दोन महिने तशीच राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. टाकीच्या तळचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर, मध्ये रेघ दिसली तर सगळी टाकी रिकामी करायची, गाळायचं नाही. ते पेट्रोल नदीत ओतू नका. खाली कालवं आणि तिसऱ्या काढणारी आपलीच माणसं आहेत. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर नसेल तर लावून घ्या.

आणखी एक. वर्षानुवर्षं टू-स्ट्रोक चालवलेले हात सवयीने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात. फोर-स्ट्रोकला ते नको. जुन्या टाकीत मिश्रण शिल्लक असेल तर काढून टाका.

हे सगळं करताना बीडी-सिगारेट, मोबाइल, बॅटरीच्या उघड्या तारा लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या पोटात जाऊन बसते आणि वास वर येत नाही. फळ्या उघडा, वारा लागू द्या. होडीत कायम बसवलेली टाकीच गळत असेल तर तपास तिथेच बंद करा आणि माणूस बोलवा.

वीज आणि पाणी

इंजेक्शनच्या, म्हणजे विजेवर पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनाला बॅटरी फक्त स्टार्टसाठी नसते. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४. स्टार्ट मारताना १० च्या खाली जाऊ लागली तर बॅटरीला दोष देण्याआधी तारा बघा. खाऱ्या हवेत तार आवरणाच्या आत हिरवी होते, बाहेरून काही दिसत नाही. टोकापासून दोन इंच सोलून बघा.

थंड करणारं पाणी धारेवरून कळतं. धार क्षीण असेल तर आधी बारीक तारेने तिचं भोक मोकळं करा, मग इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारं रबरी चाक, बघा. आपल्या नद्यांच्या मुखाशी पावसाळ्यानंतर वाळूचे बांध सरकलेले असतात. वाळू ढवळत चालवलेल्या इंजिनाचा इम्पेलर मी दरवर्षी बदलतो. पाण्याबाहेर काही सेकंद कोरडं चालवलं तरी तो जळू शकतो.

आता होडीच: इथून काम जड होतं

इंजिन, पंखा, उंची, पेट्रोल सगळं बरोबर आणि तरी होडी जड, तर तिचं वजन करा. ट्रेलरसकट वाळूच्या ट्रकांच्या काट्यावर न्या, मग रिकामा ट्रेलर तोला. जुन्या फायबर होडीच्या फळीखाली फोम भरलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं पाणी पितो. एक घनफूट पाणी म्हणजे २८ किलो. असे आठ-दहा घनफूट प्यालेली होडी चार माणसं पोटात घेऊनच निघते. हा फोम काढणं म्हणजे फळी कापणं. ते यार्डाचं काम.

तळ तपासायला मागच्या पाच-सहा फुटांत लांब सरळ पट्टी लावा. मध्ये फट दिसली, म्हणजे मागचं टोक खाली वळलंय, तर नाळ दबते आणि वेग जातो. उलट मागचा तळ वर वळला असेल तर होडी उड्या मारते. चुकीच्या टेकूवर वर्षं काढलेल्या होड्यांत हे होतं.

आणि काही होड्या पळण्यासाठी बांधलेल्याच नसतात. गोल तळाची जुनी लाकडी होडी पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही. अशा होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. १६ फुटांना ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. अरुंद होडी थोडं जास्त देते. त्यापुढे कितीही एचपी लावा, ती स्वतःच्याच लाटेत पिछाडी रुतवून बसते आणि मागून पाणी आत येतं. अशा मालकाला मी इंजिन परत करून लहान घ्यायला सांगतो. वाईट वाटतं, पण दुसरा इलाज नाही.

सपाट किंवा व्ही तळाच्या होडीला किती एचपी झेपेल, याचा एक उपयोगी हिशेब अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांत आहे. तो २० फुटांच्या आतल्या होड्यांसाठी आहे. लांबी आणि ट्रान्समची रुंदी, दोन्ही फुटांत, यांचा गुणाकार करा. १४ फूट गुणिले ५ फूट म्हणजे ७०. चाकाचं सुकाणू आणि २० इंची ट्रान्सम असेल तर दुप्पट करून ९० वजा: ५० एचपी. हातदांड्याने चालवत असाल तर त्याच होडीला ३५ च्या वर नाही, आणि तळ सपाट असेल तर २० च. त्याच होडीवर हातदांड्याचं ६० एचपी लावून आलेल्यांना मी पुढे हात लावत नाही.

ट्रान्सम: इथे चूक केली तर इंजिन समुद्रात

फायबरच्या ट्रान्सममध्ये बहुधा प्लायवूड असतं. जुन्या इंजिनाच्या बोल्टची भोकं सीलंट न भरता सोडलेली असतात, तिथून पाणी शिरतं आणि लाकूड आतून कुजतं. वरून रंग तसाच चमकत असतो.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोका. चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं थप्प. मग इंजिन थोडं वर उचला, त्याचा पाय धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला ट्रान्सम बघायला सांगा. तो वाकताना दिसला, कोपऱ्यांत केसासारख्या चिरा उघडमीट करताना दिसल्या, तर पुढची कुठलीही चाचणी करू नका. शंका उरली तर आतल्या बाजूने, खालच्या भागात, ४ मिलिमीटरचं एक भोक पाडा. कोरडा पिवळा भुसा आला तर ठीक, भोक एपॉक्सीने भरून टाका. काळा, ओला, आंबट वासाचा भुसा आला तर होडी पाण्याबाहेर.

एका होडीवर मी हे न तपासता मालकाच्या शब्दावर नवं इंजिन बसवलं होतं. आग्वादच्या बाहेर ट्रान्समचा वरचा काठ फाटला. दोन्ही माणसं सुखरूप परतली, पण त्या संध्याकाळनंतर ठोकून बघितल्याशिवाय मी एकही इंजिन चढवलेलं नाही. नुसत्या हातक्लँपवरही नाही; आरपार बोल्ट, मोठे वॉशर, आणि प्रत्येक भोकात समुद्री सीलंट.

कधी थांबायचं

ट्रान्सम मऊ निघाला, टाकी गळते, तळ वाकलाय, सुकाणूची केबल अडकते किंवा सैल आहे: यातलं काहीही असेल तर होडी पाण्यात नको, आणि काम फायबरच्या जाणकार कारागिराचं. भोंगा पुन्हापुन्हा वाजतो, सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक आहे, गिअरच्या तेलात दुधाळ पाणी दिसतं, किंवा संगणक लावून कोड वाचावा लागतोय, तर अधिकृत मेकॅनिकच हवा. हमीच्या काळात इंजिन स्वतः उघडलं तर हमी जाते.

कागदही बघा. प्रवासी किंवा जलक्रीडेची होडी असेल तर पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, मासेमारीची असेल तर मत्स्योद्योग खात्याकडे इंजिन बदलल्याची नोंद करावी लागते. गिलनेट लावणाऱ्या लहान होड्यांना बंदीच्या काळात जी सवलत मिळते, ती १० एचपीपर्यंतच्या इंजिनांना आहे. जून-जुलैत त्या सवलतीवर घर चालत असेल, तर मोठं इंजिन घेण्याआधीच हा हिशेब मांडा.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा एवढं लिहून हाताशी ठेवा: होडीची लांबी आणि तळाचा आकार, ट्रान्समची उंची, इंजिनाचा एचपी आणि पायाची लांबी, पंख्यावरचे आकडे, पूर्ण रेसचे आरपीएम, दोन्ही दिशांचा वेग, आणि प्लेट तळापासून किती इंच वर-खाली आहे. एवढं कळलं तर अर्ध्या वेळा मला यावंच लागत नाही.